ब्रेकचा रविवार

१

वारज्याच्या त्या सोसायटीत, पार्किंगच्या अगदी आतल्या कोपऱ्यात, एक जुनी झेन उभी होती. तिच्यावरचं कव्हर मांजरांनी आपलं मानलं होतं. कमिटीनं ती हलवण्याविषयी आधी सभ्य शब्दांत आणि मग फळ्यावर लिहून सुचवलं होतं. गाडी श्रीनिवासरावांची. ते गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता.

त्यांच्या मुलीला, निकिताला, वाघोलीला नोकरी लागली आणि गाडीची आठवण निघाली. वारजे ते वाघोली म्हणजे रोज शहर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजत जायचं. निकितानं नवी बॅटरी बसवली, इंजिन चालूही झालं, पण गाडी जागची हलेना. गॅरेजवाल्यानं येऊन पुढच्या चाकांत टॉर्च मारला आणि कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे चिमटे, गंजून चाकाच्या डिस्कला धरून बसलेत, गाडी भंगारात द्या, असं सांगितलं. निकिता म्हणाली, बाबांची आठवण आहे. तो म्हणाला, मग द्यायच्या आधी एक फोटो काढून ठेवा.

तेव्हा ती तिसऱ्या मजल्यावर श्यामकाकाकडे आली. श्याम हा श्रीनिवासरावांचा धाकटा भाऊ. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, लग्न न केलेला, एकटा राहणारा. मेकॅनिक नव्हे, पण दादाला हे काम करताना आयुष्यभर बघितलेला माणूस. श्याम नाही म्हणणार होता. शब्द तोंडाशी आलाही होता.

"आईच म्हणाली," निकितानं सांगितलं. "बाबांचं काम काकांनीच करावं म्हणाली."

वहिनींचं नाव निघाल्यावर श्यामला नाही म्हणता आलं नाही. त्याला कारण होतं, आणि ते या घरात त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

२

ब्रेकच्या नळीतली हवा काढणं हे एकट्याचं काम नाही. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकापाशी बसून कॅलिपरवरचा निपल, हवा सोडायचा छोटा स्क्रू, सैल करायचा, म्हणजे ऑइलबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर बाटलीत येतात. मग निपल आवळायचा आणि त्यानंतरच आतल्यानं पाय उचलायचा. पाय आधी उचलला तर हवा परत आत शिरते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. दादाच्या घरी दिवाळीनंतरचा एक रविवार या कामाचा असे. दादा चाकापाशी, श्याम पेडलवर. वर्षानुवर्षं हेच.

श्यामच्या निरोप समारंभात दादा दोन शब्द बोलायला उठला. "श्यामला आयुष्यात एक काम मात्र चोख जमलं," तो म्हणाला. "मी सांगितलं की पेडल दाबायचं आणि मी सांगितलं की सोडायचं." सगळं खातं हसलं. श्यामही हसला. घरी आला आणि त्यानं दादाशी बोलणं बंद केलं.

आता पुण्यात अबोला ही भांडणाची नव्हे, शिस्तीची गोष्ट आहे. सणाला दोघं एकाच पंगतीत बसत. "निकिता, काकांना विचार, आमटी हवी का," असं दादा म्हणे, आणि हाताच्या अंतरावर बसलेला काका म्हणे, "बाबांना सांग, पुरे." ब्रेकचा रविवारही चुकला नाही. दादा कव्हर काढून तयारी करून ठेवी, श्याम वर्तमानपत्र घेऊन खाली येई आणि स्टिअरिंगवर ते पसरून बसे. बोलायचं तर नाही, मग दादानं पान्याची भाषा काढली. चाकामागच्या पत्र्यावर पान्यानं एक टक म्हणजे दाब, दोन टक म्हणजे सोड. काम बोलण्यापेक्षा नीट होऊ लागलं, असं दोघांनाही मनातून वाटे. गाडीचं दार उघडं असे, पण दाराबाहेर बघायचं नाही हा श्यामचा नियम होता. आपण बघितलं तर आपण नमलो.

शेवटच्या रविवारी एक टक आली, श्यामनं पेडल दाबलं. दोन टक आल्याच नाहीत. दादा मुद्दाम ताटकळत ठेवतोय, असं त्याला वाटलं. बऱ्याच वेळानं टक झाली, एकच. पेडल तर दाबलेलंच होतं. एक म्हणजे दाब, म्हणून त्यानं रागानं आणखी दाबलं. मग पुन्हा एक टक, अगदी हलकी. त्यानं पाय तळापर्यंत रेटला आणि अग्रलेख वाचून संपवला. शैलावहिनी चहा घेऊन खाली आल्या तेव्हा त्यांच्या हातातला ट्रे पडला, आणि तेव्हा कुठे श्यामनं दाराबाहेर बघितलं.

डॉक्टर म्हणाले, एका क्षणात गेले, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. वहिनींनी ते वाक्य धरून ठेवलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या ते सांगत, आणि सांगून झालं की त्यांना थोडं बरं वाटे. दादाला कळलं होतं, त्याला वेळही मिळाला होता, हे श्यामला माहीत होतं. ते एक वाक्य वहिनींपाशी शाबूत राहावं, एवढ्यासाठी तो गप्प होता. निदान स्वतःला तो तसं सांगत असे.

३

त्यानं नाना पेठेतून रबरी सील आणि नवे होज, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळ्या, आणले, गाडी जॅकनं उचलून स्टँडवर ठेवली आणि पुढची चाकं काढली. गंज पाहून त्याला वाईट वाटलं. दादाच्या हयातीत हे लोखंड कधी असं दिसलं नव्हतं. कॅलिपरवर तांबडी, फुगलेली खपली धरली होती. बोल्टचे कोपरे झिजून गोल झाले होते. त्यानं गंजावर सुटं करायचं तेल मारलं, ते मुरू दिलं आणि मग पान्याला पाइप लावून जोर केला. बोल्ट किंचाळत सुटला.

डाव्या बाजूचं काम सरळ झालं. उजव्या बाजूला, म्हणजे त्या शेवटच्या रविवारी दादा जिथं होता तिथं, आधी नळीतलं जुनं ऑइल काढावं म्हणून त्यानं निपल सैल केला. थेंब थेंब गळेल असं धरून तो चाललेला. ऑइलची चिळकांडी सरळ त्याच्या सदऱ्यावर आली.

तो मागं सरकला. कुणी पेडल दाबलेलं असल्याशिवाय नळीत असा दाब येत नाही. गाडी कित्येक महिने जागेवर उभी, आत कुणी नाही. त्यानं उठून बघितलंही. सीटवर फक्त धूळ होती. मग त्याला आठवलं की जुना होज आतून फुगला की दाब अडकून राहतो. दादाच सांगायचा. होज बदलायचेच आहेत. त्यानं सुस्कारा सोडला आणि पुन्हा खाली बसला.

काही वेळानं कुठूनसा आवाज आला. टक. एकच.

ताणलेलं लोखंड सैल होताना वाजतं, हे तर कुणीही सांगेल. तेल मुरलं, बोल्ट सुटला, पत्र्याचा ताण गेला. श्यामला ते पटलं, अगदी पूर्ण पटलं. फक्त आपला उजवा पाय फरशीवर घट्ट रोवला गेलाय, पोटरी दगडासारखी झालीय, हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं. त्यानं पाय सैल करायचा प्रयत्न केला. तो चटकन सैल होईना.

४

कॅलिपर त्यानं वर आपल्या गॅलरीत नेले. तारेच्या ब्रशनं खपली काढली, पंक्चरवाल्याकडे जाऊन हवेच्या जोरानं पिस्टन बाहेर काढले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते बारीक पॉलिश पेपरनं घासले. खाचेतला गंज दाभणानं कोरला. काम त्याला आवडू लागलं होतं, आणि त्याचंच त्याला वाईट वाटत होतं. दादानं कधी त्याला चाकापाशी बसू दिलं असतं, किंवा आपणच एकदा म्हटलं असतं की आज मी बसतो तिथं, तर काय बिघडलं असतं? एवढी साधी वाक्यं दोघांनी वर्षानुवर्षं दाबून ठेवली.

दुपारी शैलावहिनी चहा घेऊन आल्या. खाली, गाडीपाशी, त्या अजून जात नव्हत्या. गॅलरीच्या उंबऱ्यात बसून त्यांनी घासलेले पिस्टन पाहिले, नव्यासारखे झाले म्हणाल्या. मग नेहमीसारखं त्यांचं ते निघालंच.

"एक बरं झालं भावजी, त्यांना काही कळलं नाही. तुम्ही तिथंच होतात, म्हणून विचारते. काहीच आवाज नाही आला ना?"

असं थेट त्यांनी आजवर विचारलं नव्हतं. श्यामच्या हातात पिस्टन होता. सांगून टाकावं, असं त्याला फार फार वाटलं. त्यानं त्यांच्याकडे बघितलं आणि त्याच्या ध्यानात आलं की ही बाई उत्तर मागत नाहीये, परवानगी मागतेय. उरलेले दिवस जगायची परवानगी.

"नाही वहिनी," तो म्हणाला. "काही नाही."

त्यांनी मान हलवली. रिकामा कप उचलून त्या उठल्या आणि जाता जाता सहज म्हणाल्या, भावजी, सकाळपासून खाली काय ठोकताय ते जरा थांबून ठोका, अधूनमधून एकच टोला येतो, माणूस दुसऱ्याची वाट बघत बसतो.

श्याम सकाळपासून गॅलरीतच होता. खाली गेला नव्हता.

५

शनिवारी त्यानं सगळं परत जोडलं. नवे सील, नवे होज, पिनांना ग्रीस, कॅलिपरवर काळा रंग. पिस्टन अंगठ्यानं दाबला की आत सरकत होता. रविवारी सकाळी लख्ख उन्हात त्यानं निकिताला ड्रायव्हर सीटवर बसवलं आणि बजावलं: मी तोंडानं सांगेन, दाब म्हटलं की दाबायचं, सोड म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. पान्यानं तो कशालाही टक करणार नव्हता. पान्याच्या टोकाला त्यानं फडकंसुद्धा गुंडाळलं होतं.

मागची दोन्ही चाकं झाली, पुढचं डावं झालं. श्याम मोठ्यानं ओरडत होता, इतक्या मोठ्यानं की वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावून, पोरगी बहिरी आहे का हो, असं विचारून गेलं. त्याला ते बरंच वाटलं. बोललेलं ऐकू येतंय, उत्तर येतंय. एवढंच तर हवं होतं.

मग तो उजव्या चाकापाशी बसला. "दाब," तो म्हणाला. निकितानं दाबलं. त्यानं निपल सैल केला, बुडबुडे आले. निपल आवळला. सोड म्हणायला तो तोंड उघडतो तोच पेडल वर आल्याचा आवाज झाला.

"अगं, मी सोड म्हटलं नव्हतं."

"पण तुम्ही दोनदा वाजवलंत ना काका," निकिता आतून म्हणाली. ती मोबाइल बघत होती. "एक वाजवलं की दाबायचं, दोन म्हणजे सोडायचं. कळलं मला. ओरडण्यापेक्षा हेच बरंय."

श्यामनं हातातल्या पान्याकडे बघितलं. फडकं तसंच होतं. हिला कुणी सांगितलं असेल? दादानं? पण ब्रेकच्या रविवारी ही कधी खाली यायची नाही, तिला या कामाचा कंटाळा. आणि सांगितलं असलं तरी वाजवलं कुणी? त्याला स्वतःला काही ऐकू आलं नव्हतं. कॅलिपरला कान लावून बसलेल्या माणसाला ऐकू येत नाही आणि आतल्या मुलीला येतं, असं कसं? पत्र्यातून आवाज आत घुमत असेल, बाहेर येत नसेल. असं होतं का? होत असेल.

"पुन्हा," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच बारीक वाटला. "दाब."

तिनं दाबलं. त्यानं निपल सैल केला. ऑइल आलं, बुडबुडे आले, मग बुडबुडे थांबले आणि स्वच्छ ऑइल येऊ लागलं. आवळायला हात नेला तेवढ्यात ऑइलची धार एकदम जाड झाली.

"अजून किती जोरात दाबू?" निकितानं विचारलं. "पाय दुखला माझा. सारखं एकच वाजवताय."

त्यानं निपल आवळला आणि तिला बाहेर बोलावलं. काम झालंय, म्हणाला, तू वर जा, आईला सांग झालं म्हणून. ती आनंदानं गेली. लिफ्ट बंद होती म्हणून जिन्यानं गेली, आणि तिच्या चपलांचा आवाज मजल्यामजल्यानं कमी होत गेला.

६

काम झालेलं नव्हतं. नळीत हवा राहिली आहे की नाही याची खात्री केल्याशिवाय ही मुलगी वाघोलीच्या रस्त्यावर गाडी नेणार, हे त्याला चालणार नव्हतं. दादालाही चाललं नसतं. आणि दुसरंही एक होतं. पार्किंगमध्ये आता कुणी नव्हतं, ऊन दारापर्यंत आलं होतं, आणि त्याला भीती वाटत असूनही त्या भीतीखाली, लाज वाटावी अशी, आशा वाटत होती. दादा जर अजून इथं बसून पान्यानं बोलत असेल, तर आज तरी त्याला उत्तर देता येईल.

"दादा," तो म्हणाला.

कित्येक वर्षांत हा शब्द त्यानं मोठ्यानं उच्चारला नव्हता. स्मशानातही नाही.

"दादा, मला ऐकू आलं होतं रे. मी ऐकलं होतं."

पत्रा वाजला नाही. तिथं दादा नव्हता. इतकं स्वच्छ, इतकं पूर्ण नव्हता की श्यामला रडू फुटलं. ज्याची माफी मागायची तो निघून गेला होता आणि जाताना थांबला नव्हता. मग इतके दिवस वाजवतंय कोण, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. त्या रडण्यात तो पडला नाही.

त्यानं डोळे पुसले. निपल शेवटचा तपासावा म्हणून तो खोक्याच्या पुठ्ठ्यावर आडवा झाला. कॅलिपर खालून बघायचा तर असंच आडवं व्हावं लागतं, चाकाशी हात आणि डोकं मागं, उघड्या दाराच्या पलीकडे. दादा असाच आडवा होता. श्यामनं नवा सील चाचपला, कोरडा होता. त्यानं मान वळवली, आणि त्या जागेवरून काय दिसतं ते त्याला पहिल्यांदाच दिसलं.

गाडीच्या आतलं दिसत होतं, सीटच्या कडेपासून खाली पेडलपर्यंत. पेडल दाबलेलं होतं. त्याच्यावर एक पाय होता.

निकिता वर गेली होती. तिचा आवाज वरून येतही होता, आईला काहीतरी सांगत असल्याचा. हा पाय पुरुषाचा होता. राखाडी पँटची विटलेली घडी, तपकिरी सँडल, अंगठ्याजवळचा पट्टा तुटून दोऱ्यानं शिवलेला. तो दोरा श्यामनं स्वतः घातला होता. ते आपले सँडल त्या दिवसानंतर त्यानं कचऱ्यात टाकले होते, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. गुडघ्याच्या वर काही दिसत नव्हतं; तिथं वर्तमानपत्राची खालची कड होती, आणि ती स्थिर होती.

दादाला हे दिसत होतं. मरताना त्याला अंधार नव्हता दिसला, देव नव्हता दिसला, बायको नव्हती दिसली. भावाचा पाय दिसत होता, हातभर अंतरावर.

श्यामनं हाक मारायचा प्रयत्न केला. "श्याम," तो म्हणाला, "अरे, इकडे बघ." आवाज बाहेर पडला की नाही ते त्याला कळलं नाही. वर्तमानपत्र हललं नाही. ते हलणार नाही, हे त्याला माहीत होतं. त्या माणसाला तो चांगला ओळखत होता. त्या बाजूनं आलेलं काही ऐकायचं नाही आणि त्या बाजूला बघायचं नाही, असं त्या माणसानं ठरवलं होतं, आणि तो आपल्या शब्दाचा पक्का होता. त्याच्यापर्यंत फक्त पाना पोचत होता.

सोड, एवढंच त्याला सांगायचं होतं. सोड म्हणजे दोन. श्यामनं पान्यावरचं फडकं ओढून काढलं आणि हात उचलला. हात ऑइलनं माखला होता. तो नेहमीपेक्षा जड का लागतोय, ते त्याला समजेना. त्यानं सगळा जीव एकवटून पत्र्यावर पाना मारला. टक. दुसऱ्या टोल्यासाठी मनगट वळवलं, तेव्हा पाना बोटांतून निसटून गाडीखाली दूर गेला.

त्यानं आत बघितलं. सँडलच्या टाचेला सुरकुती पडली, पोटरी ताठ झाली, आणि पाय आणखी खाली गेला.